कुंडीवरची खडूची रेघ

शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून एकतीस वर्षे काढून आत्या निवृत्त झाल्या, तेव्हा निरोपाची भेट नाकारून त्यांनी काचेच्या चाळीस जुन्या बाटल्या मागून घेतल्या. ‘बाटलीआत्या’ हे नाव तेव्हापासूनचे. ऑर्किडचे बी पिठाहून बारीक. मातीत टाकले तर वायाच जाते. स्वयंपाकघरातल्या कुकरमध्ये बाटल्या उकळून निर्जंतुक करायच्या आणि आतल्या थिजलेल्या खाद्यावर ते पेरायचे. अडतीस बाटल्यांना बुरशी लागली. उरलेल्या दोहोंतून एकच रोप जगले, आणि मागच्या अंगणात पहिला दांडा काढायला त्याने सात वर्षे घेतली. सातही वर्षांच्या नोंदी वहीत आहेत. ज्या दिवशी काहीच घडले नाही, त्या दिवसाचीसुद्धा.

दांड्यावर कळ्या धरल्या आणि नेमके त्याच आठवड्यात आत्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन ठरले. तीन आठवडे मुलीकडे राहायचे, वाकायचे नाही. कुंडी नाइलाजाने धाकट्या दिरांकडे गेली. दीर बागप्रेमी मंडळाचे अध्यक्ष. त्यांची सगळी ऑर्किडे दुकानातून फुलांसकट घरी येत. आत्यांनी कुंडीच्या काठावर खडूने रेघ ओढली आणि दोनदा बजावले, की रेघ सतत उजेडाकडेच राहू द्या, कुंडी फिरवू नका. कळ्या उजेडाकडे तोंड करून बसतात. कुंडी हलली की त्या गोंधळतात. दिरांनी दोन्ही वेळा मान डोलावली.

तीन आठवड्यांनी काळा चष्मा लावून आत्या थेट मंडळाच्या प्रदर्शनात गेल्या. फूल त्यांनी पहिल्यांदा पाहिले ते तिथे, परक्या टेबलावर: हिरवट तपकिरी पाकळ्या, मध्ये काळपट जीभ, मंद लवंगेचा वास. खाली कार्ड होते, ‘प्रथम फुलवणारे’, आणि पुढे दिरांचे नाव. हेच नाव संध्याकाळी मंडळाच्या नोंदवहीत कायमचे चढणार होते.

त्यांनी जाब विचारला. दीर हसले. “वहिनी, फूल उमललं कुठं? माझ्या ओट्यावर. मग नाव कुणाचं लावायचं?”

“भाऊजी, बाळंतपण दवाखान्यात झालं म्हणून मूल डॉक्टरांचं होत नाही.”

आसपासचे दोघेतिघे हसले, पण कार्ड जागचे हलले नाही. अध्यक्षांच्या विरोधात बोलायला कोण पुढे येणार? आत्यांनी पिशवीतून वही काढली. चिटणीसांनी ती न उघडताच परत दिली.

एवढ्यात परीक्षक बाई आल्या. वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त शिक्षिका, हातात भिंग. दांड्यावर त्या बराच वेळ रेंगाळल्या. सात फुलांपैकी खालची तीन एका दिशेला नीट पाहत होती. वरची चार रांग मोडलेल्या पोरांसारखी चहूकडे. दुर्मीळ आहे, त्या म्हणाल्या, पण दांडा पिळला. बक्षीस देता येणार नाही. कळ्या असताना कुंडी कुणी फिरवली?

पाहुणा जिथे बसेल तिकडे फूल वळवून दाखवायची दिरांना हौस, हे सगळ्या मंडळाला ठाऊक होते. दिरांनी क्षणाचाही विलंब लावला नाही. “रोप वहिनींचं आहे हो. मी आपला पाणी घालणारा.” त्यांनी खिशातले पेन काढून स्वतःचे नाव खोडले आणि वर आत्यांचे लिहिले.

सकाळपासून आत्यांना हवे होते ते हेच नाव, हेच कार्ड. ते हाती आले, आणि त्यांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. फूल निर्दोष होते तोवर ते दिरांचे. दोष निघाला आणि ते वहिनींचे झाले.

नोंदवहीत चिटणीसांनी ‘दांडा पिळलेला’ एवढाच शेरा लिहिला. आत्यांनी नोंदवहीवर तळवा ठेवला.

“अर्धी नोंद मी मान्य करणार नाही. खालच्या तीन कळ्या माझ्या अंगणात वळल्या आणि वरच्या चार भाऊजींच्या ओट्यावर. तेही लिहा.”

चिटणीसांनी अध्यक्षांकडे पाहिले. परीक्षक बाईंनी चिटणीसांच्या हातातले पेन काढून घेतले, कुंडीच्या काठावरच्या पुसट रेघेवर भिंग धरले आणि सगळे शब्दशः लिहून खाली सही केली.

आत्या कुंडी घेऊन निघाल्या. दीर मागून म्हणाले, “जड आहे, मी उचलतो.”

“तुम्ही हातसुद्धा लावू नका,” आत्या म्हणाल्या.