भावजींच्या गाडीचे नाक

भावजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी डिचोलीच्या वाचनालयात आदल्या महिन्याच्या वर्तमानपत्रांची चळत लावत होतो. ताईचा आवाज अगदी सपाट होता. "गेले रे ते," ती म्हणाली. मागे इस्पितळातल्या कुणाच्या तरी चपलांचा आवाज. मग ती म्हणाली, "गाडी भायर झाडाखाली उभी आसा. कोणाक हात लावूक देऊ नको." मी म्हटले, निघतोच, मी बघतो. त्यावर ती म्हणाली, "तूय लावू नको."

हे वाक्य दुःखाच्या भरात निसटलेले नव्हते. ते पूर्ण विचारांती उच्चारलेले होते, आणि त्याला सबळ कारण होते. पण ते कारण सांगायचे तर आधी भावजी सांगायला हवेत.

पुंडलीक भावजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मूळचे दोडामार्गाकडचे. तरुणपणी डिचोलीच्या लोहखनिजाच्या खाणींवर ट्रक चालवायला आले आणि इथलेच झाले. खाणी बंद पडल्यावर त्यांनी एक जुनी पिकअप घेतली. ती पांढरी होती असे कागदपत्रांत लिहिले आहे. मी तिला पांढरी कधी पाहिली नाही. नारळ, केळीचे घड, मांडवाचे खांब, लग्नाची भांडी, एकदा तर एका भटजींच्या घरची गाभण गाय... त्या गाडीने काय काय नेले याची यादी मोठी आहे. मला ते 'मास्तर' म्हणत. मी मास्तर कधीच नव्हतो, पण पुस्तकाला कामापुरता हात लावणारा प्रत्येक माणूस त्यांच्या लेखी मास्तर होता, आणि मास्तर या शब्दात त्यांनी आदर आणि दया नेमकी किती घातली होती हे मला शेवटपर्यंत कळले नाही.

दर रविवारी सकाळी, नाष्ट्याच्याही आधी, भावजी बॉनेट उघडून गाडीचे नाक साफ करीत. नाक हा त्यांचा शब्द. इंजिनात हवा जिथून शिरते तिथला काळा डबा, त्यातला घड्याघड्यांचा कागदी फिल्टर आणि पुढचा पाइप, हे सगळे मिळून नाक. "इंजीन डिझेल पिता घोटभर, पण वारो खाता खंडीभर," ते म्हणत. "डिझेलातली भेसळ सगळे बघतत. वाऱ्यातली कोण बघता?" डब्याचे चाप काढून ते फिल्टर बाहेर घेत आणि पायरीच्या सपाट दगडावर थोपटत. थोपटायचा, आपटायचा नाही. मग सायकलच्या पंपाने आतून बाहेर हवा मारायची. बाहेरून आत कधीच नाही, कारण मग धूळ कागदातच रुतून बसते. मग कोठीच्या काळोखात नेऊन फिल्टरच्या पोटात बॅटरी पेटवायची. कुठे टाचणीएवढा जरी उजेड थेट दिसला, तरी फिल्टर बाद. डबा पुसताना पाइपात धूळ जाऊ नये म्हणून त्याच्या तोंडात फडक्याचा बोळा कोंबायचा, आणि त्या बोळ्याला लांब दोरी बांधून तिचे दुसरे टोक स्टिअरिंगला, म्हणजे बोळा आत विसरून गाडी सुरू करता येणार नाही. एवढी काळजी मी पोथ्यांचीही घेतलेली नाही.

मी तासन्‌तास हे बघत बसे, आणि एकदा तरी तो फिल्टर आपल्या हाती द्यावा असे मला फार वाटे. या माणसासमोर आपण एक तरी उपयोगाचे काम करून दाखवावे, एवढीच इच्छा. ती संधी एका शनिवारी आली. म्हणजे आली असे मला वाटले. रविवारी भाडे होते म्हणून भावजींनी आदल्या दिवशीच फिल्टर काढून ओसरीवर ठेवला होता, आणि तेवढ्यात गावाहून चुलत्याच्या आजारपणाचा निरोप आल्यामुळे ते तसेच बसने निघून गेले होते. फिल्टर विटेसारखा लाल झाला होता. मी ताईच्या न्हाणीत बसून कोमट पाण्यात, अंगाच्या साबणाने, तो घडीघडीत बोट घालून धुतला आणि दोन चिमटे लावून दोरीवर वाळत घातला. पुस्तकाच्या पानावर चहाचा थेंब पडला तरी बोंब मारणारा मी. कागदाची जात निदान मला तरी ओळखू यायला हवी होती... संध्याकाळी हाताला कोरडा लागला तसा मी तो डब्यात बसवला, चाप लावले आणि कुणालाच काही सांगितले नाही. मला त्यांना चकित करायचे होते.

ते चकित झाले. दुसऱ्या दिवशी पेडण्यातल्या एका गावच्या जत्रेला दशावतारी मंडळी पोचवायची होती, आणि भावजी गावाहून परतले ते निघायच्या वेळेलाच, त्यामुळे त्या रविवारी बॉनेट उघडलेच नाही. मागे नट, पेटारे आणि पायपेटी. पुढे भावजी आणि, कौतुक ऐकायला, मी. खाणीच्या जुन्या तांबड्या रस्त्यावरून पहिल्या चढाला लागताच गाडी धापा टाकू लागली. मागून काळा धूर निघाला, आणि अर्ध्या चढावर ती उभीच राहिली. भावजींनी उतरून डबा उघडला. आतला फिल्टर फुगून, घड्या एकमेकींना चिकटून, भिजलेल्या पुरणपोळीसारखा पडला होता. त्यांनी त्याच्याकडे पाहिले, मग माझ्याकडे.

"मास्तर, ह्येका आंघोळ कोणी घातली?"

"मी."

"साबण लावन?"

"हो."

"डोळ्यात जावक नाय मगे ह्येच्या?"

मंडळींचे मालक खाली उतरले. "पुंडलीक, तो फिल्टर भायर उडय आणि तसोच चल मरे! देव वाट बघता थय!"

"देवाक युगानुयुगां वाट बघूची सवय आसा, इंजिनाक नाय," भावजी म्हणाले. "ह्या धुळीत उघड्या नाकान मी गाडी हाकूचंय नाय."

आणि ते बॉनेटला टेकून उभे राहिले. शेवटी मार्ग निघाला तो असा : वाटेने जाणाऱ्या एकाची स्कूटर मागून घेतली, आणि ती चालवायला मंडळीतला जो एकटाच तयार झाला तो संकासुर, म्हणजे खेळातला काळा राक्षस. वेळ वाचावा म्हणून नटांनी तिथेच काजूच्या झाडाखाली रंग लावायला घेतला होता. त्यामुळे तोंडाला निम्मी काजळी फासलेल्या संकासुराच्या मागे बसून मी म्हापशाला फिल्टर आणायला गेलो. दुकानदाराने आमच्या दोघांकडे आळीपाळीने पाहिले, आणि घासाघीस होण्याची वाटच न पाहता फिल्टर पुढे केला. परत आलो तर चढावर बस थांबलेली. झाडाखाली नऊवारी नेसणारा स्त्रीपार्टी आणि गदा घेतलेला भीम पाहून, जत्रा इथेच आहे अशा समजुतीने माणसे उतरत होती.

जत्रेला आम्ही उशिरा पोचलो. देवळाच्या पायरीवर देवस्थानच्या महाजनांनी जाब विचारला तेव्हा भावजी म्हणाले, "माझी चूक. फिल्टर मीच भायर ठेवलंय." माझे नाव त्यांनी घेतले नाही, तेव्हाही नाही, नंतरही नाही. फक्त त्या दिवसापासून रविवारी बॉनेट उघडले की ते मला हाक मारून सांगत, "मास्तर, थयच बस." माझी खुर्ची आंब्याच्या बुंध्याशी ठेवलेली असे. गाडीपासून दहा पावलांवर.

एवढे सगळे गाडीच्या नाकाचे. स्वतःच्या नाकाचे मात्र त्यांनी कधी काही केले नाही. खाणीवर वीस-बावीस वर्षे काच खाली करून ट्रक चालवला. रविवारी थोपटताना उडणारी ती सगळी लाल धूळही त्यांच्याच तोंडावर येई आणि ते नुसते डोळे मिटून घेत. खोकला होताच. त्याला ते "इंजीन जुना झाला" म्हणत. शेवटी डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर लावला तेव्हा मी बरोबर होतो. भावजी खुर्चीतून उठून अगदी जवळ गेले, आणि कोठीत फिल्टर बघावा तसा तो एक्स-रे त्यांनी डावीकडून उजवीकडे बघितला.

"डॉक्टर, हो चोंदलो. नवो गावता?"

डॉक्टर म्हणाले, नाही, हा मिळत नाही.

"मगे आतसून भायर फुंकून बघा."

डॉक्टर हसले. मीही हसलो. भावजी पुन्हा खुर्चीत बसले आणि त्यांनी शर्टाची बटणे एकेक करून लावली... शेवटच्या दिवशीही दम लागलेला असताना ते स्वतः गाडी चालवत इस्पितळात गेले. ताई शेजारी बसली होती. गाडीला धाप लागलेली नाही, असे त्यांनी तिला वाटेत दोनदा सांगितले म्हणे.

दिवसकार्य झाल्यावर, इस्पितळातून क्रेनने उचलून घरी आणलेल्या गाडीला गिऱ्हाइके येऊ लागली. ताईने सगळ्यांना चहा दिला आणि परत पाठवले. "विकूची नाय असा नाय," ती मला म्हणाली, "पण तो नेणारो माणूस रविवारी काय करतलो, ता माका कसा कळतला?" घरचे नारळ तर बाजारात न्यायलाच हवे होते. गाडी मला चालवता येते, म्हणजे मागचे लोक हॉर्न वाजवतात इतपत येते. पण ते मी बोललो नाही. दहा पावलांची सवय झाली होती.

मग एका शनिवारी तिचाच फोन आला. "उद्या सकाळी ये. आणि साबण हाडू नको."

मी गेलो. आंब्याखाली खुर्ची नव्हती. मी चाप काढले, फिल्टर हातात घेतला. तो मला वाटला होता त्यापेक्षा बराच हलका होता. ताई आतून आली ती हातात रुमालांची एक गड्डी घेऊन. जाड सुती, कडा शिवलेल्या, दोन्ही टोकांना नाड्या. "खाणीर असताना मीच शिवलेले तेंका," ती म्हणाली. "तोंडार बांधूक. एकाचीय घडी मोडूक नाय तेणी." तिने वरचा रुमाल झटकला, घडीच्या रेषा तशाच राहिल्या. माझ्या मागे उभी राहून तिने तो माझ्या तोंडावर बांधला, इतका घट्ट की मला बोलता येईना. पुढे येऊन तिने नीट पाहिले.

"चोरासारखो दिसतंस," ती म्हणाली. "थोपट आता."

मी थोपटले. हलक्या हाताने, सगळ्या बाजूंनी. भावजींनी शेवटी ज्या ज्या रस्त्यांवरून गाडी नेली होती त्या सगळ्यांची लाल धूळ पायरीवर पडली, एवढीशी, ओंजळभरसुद्धा नाही. मी आतून हवा मारली, डबा पुसला, फिल्टर बसवला. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. तोवर ताई केरसुणी घेऊन आली होती. तिने पायरीवरच्या धुळीकडे पाहिले, केरसुणी भिंतीला टेकवली आणि पायरी न ओलांडता ती मागच्या दाराने घरात गेली.