ब्लॉकच्या मुहूर्तावर

रेल्वे लाइनीच्या कडेला राहणाऱ्या माणसाला किस्से गोळा करत फिरावं लागत नाही. खिडकी उघडी ठेवली की झालं. ब्रेकची ती काळी, बारीक, लोखंडी धूळ जशी कट्ट्यावर येऊन बसते, तसे तेही येऊन बसतात. धूळ आई रोज पुसते. किस्से मात्र कुणाला तरी ऐकवल्याशिवाय जात नाहीत.

आमचं प्रभात सदन अंबरनाथ स्टेशनच्या अलीकडे, उल्हासनगरच्या बाजूला. बिल्डिंग, मग गटार, मग रेल्वेची भिंत, मग रूळ. तीन मजले, लिफ्ट नाही. यंदाच्या उन्हाळ्यापासून अख्ख्या बिल्डिंगला एकच काम आहे: तिसऱ्या मजल्यावरच्या सुर्वेकाका-काकूंचं घर विकून देणं!

काकूंचे गुडघे गेलेत. पाडव्यापासून त्या खाली उतरलेल्या नाहीत. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जाते. बदलापूरला, हेंद्रेपाड्यात, त्यांना तळमजल्यावरचं एक घर पसंत पडलंय. काकांनी जाऊन बघितलं, काकूंनी मोबाइलवरच्या फोटोत. दाराला एकच पायरी, आणि पुढे थोडं अंगण. "माती हो, टाइल्स नाहीत," असं काकू येईल त्याला सांगतात. तिथला मालक दसऱ्यापर्यंत थांबायला तयार आहे. पण इकडचं गेल्याशिवाय तिकडचं घेता येत नाही, आणि इकडे घर बघायला माणूस आला की चहाच्या आधी गाडी येते!

*

खरं तर विकायची वेळच आली नसती. सोसायटीच्या वार्षिक सभेत मी लिफ्टचा विषय मांडला होता. मी नुकतीच एम.ए. झालेली, तेव्हा मला वाटायचं मुद्दा बरोबर असला की तो मंजूर होतो.

आमच्याकडे एक नियम आहे. कुणी केलेला नाही, पण सगळे पाळतात. गाडी आली की बोलणं थांबवायचं, गेली की त्याच शब्दापासून पुढे सुरू करायचं. पाहुण्यांना वाटतं, घरातल्या सगळ्यांना एकदम काहीतरी आठवलं!

तर, लिफ्ट. पहिल्या मजल्यावरचे चेअरमन गायकर उठले. "आम्ही लिफ्टला हातसुद्धा लावणार नाही, मग आम्ही का भरायचं?" तिसऱ्या मजल्यावरचे सेक्रेटरी बोऱ्हाडे बोट नाचवत उभे राहिले. "मग गच्चीवर पापड तुम्ही कसे वाळवता? आं? गच्ची तर आमच्या डोक्यावर..."

आणि मालगाडी आली.

मालगाडी म्हणजे काय, ती संपतच नाही! दोघे बोटं वर करून तसेच उभे. बसायचं कसं? आधी बसला तो हरला. डबे चाललेत, चाललेत. मधे केव्हातरी गायकर खिडकीतून बाहेर बघायला लागले. मग बोऱ्हाडेही. शेवटचा डबा गेला, शांतता झाली आणि गायकर म्हणाले, "कुठे होतो आपण?"

बोऱ्हाडेंनी वर धरलेल्या स्वतःच्या बोटाकडे बघितलं. म्हणाले, "चहाचं बोलत होतो वाटतं."

चहा आला. 'लिफ्टच्या विषयावर सविस्तर चर्चा झाली' असं इतिवृत्तात लिहिलंय!

*

मग गिऱ्हाईकं यायला लागली. पहिलं जोडपं तरुण होतं. बाल्कनीतला वारा बघून ती मुलगी खूश. "इथे झोपाळा लावू!" म्हणाली. तेवढ्यात फास्ट गाडी गेली. बाल्कनीतला कपड्यांचा स्टँड आपोआप तिच्या दिशेने सरकत आला. तिने तो परत जागेवर ठेवला, पर्स उचलली आणि निघाली.

त्यानंतर आलेल्या गृहस्थांनी सोबत वास्तुतज्ज्ञ आणले होते. ते हातात कंपास घेऊन खोल्याखोल्यांतून फिरले. हॉलमध्ये उभे राहिले, डोळे मिटले. बाहेरून गाडी धडधडत गेली. तज्ज्ञ गंभीर झाले. "या घरात ऊर्जा फार आहे!"

सुर्वेकाकांना वाटलं, घर पसंत पडलं. ते उत्साहाने खिडकीकडे धावले आणि रुळांवरच्या वायरकडे हात करून म्हणाले, "आहे ना! पंचवीस हजार व्होल्ट!"

*

आता मी गप्प बसणार नव्हते. काकांना म्हटलं, "लपवाछपवी कशाला? आवाज हा आपला गुन्हा आहे का? आपण रेल्वेकडे मागू. आवाज अडवणारी भिंत!"

मोबाइलवर आवाज मोजायचं ॲप घेतलं, निवेदन तयार केलं आणि रविवारी सगळ्यांना गच्चीवर बोलावलं. गाडी गेली तसा ॲपचा काटा लाल पट्ट्यात. मी विजयी मुद्रेने सगळ्यांकडे बघितलं.

गायकर म्हणाले, "भिंत किती उंच?"

"पार तुमच्या खिडकीच्या वरपर्यंत!"

"मग वारा कुठून येणार?"

दुसऱ्या मजल्यावरच्या कांबळेआजींना वेगळीच काळजी. "आणि माझ्या गोळ्या?" आजी घड्याळ बघत नाहीत. पुण्याची गाडी गेली की बीपीची गोळी, दुपारची लांबची गाडी गेली की शुगरची.

"आजी, गाड्या लेट होतात हो!"

"होतात की. मग मीही जेवायला थांबते."

निवेदनावर एकच सही मिळाली. तळमजल्यावरच्या भाडेकरूची. तो दुसऱ्या दिवशी घर सोडून कात्रपला राहायला गेला!

*

आमच्या शेजारच्या सागरचा किस्सा तर त्याच्या ऑफिसात प्रसिद्ध आहे. त्याची कंपनी बेंगळुरूची, काम घरून. रोज सकाळी मीटिंग, आणि मीटिंगमध्ये रोज भोंगा. सागर घाईघाईने म्यूट करायचा, पण जे ऐकू जायचं ते गेलेलंच असायचं.

वर्षाअखेरीस त्याला शाबासकीचा ईमेल आला. सतत प्रवासात असूनही एकही काम मागे पडू दिलं नाही म्हणून कौतुक! सागरने ते वाचलं आणि शहाण्यासारखा गप्प राहिला.

मी म्हटलं, "अरे, खरं सांग ना त्यांना! त्यात लाज कसली?"

"तू थांब गं. अप्रेझल होऊ दे."

अप्रेझल झालं. पगार वाढला. नव्या वर्षातल्या पहिल्याच मीटिंगमध्ये पुन्हा भोंगा वाजला, तेव्हा त्याची मॅनेजर काळजीने म्हणाली, "सागर, आता तरी एकदा घरी पोहोच रे!"

*

इतर घरांत पंचांग बघतात, आमच्याकडे ब्लॉक बघतात. म्हणजे रेल्वेचा मेगाब्लॉक. आमच्या बाजूला तो क्वचित लागतो. कुठे पुलाचा गर्डर टाकायचा असेल तर एखाद्या रविवारी दोन्ही लाइनी काही तास बंद. जग वैतागतं, आमच्याकडे बारशी उरकली जातात!

गायकरांच्या प्रणालीला बघायला पाहुणे आले ते असेच ब्लॉकच्या रविवारी. घरात इतकी शांतता की पोह्यांवर लिंबू पिळल्याचा आवाज येत होता. मुलाची आई म्हणाली, "फार शांत वळणाचं घर आहे हो तुमचं." लग्न ठरलं.

पहिल्या दिवाळीला जावई मुक्कामाला आले. सोमवारी. पहाटेचं अभ्यंगस्नान चाललेलं असताना एक्स्प्रेस गेली. जावई अंगाला उटणं, कमरेला टॉवेल अशा अवतारात "भूकंप! भूकंप!" करत थेट गेटपाशी. वॉचमनने त्यांना बसायला खुर्ची दिली.

संध्याकाळी विहीणबाईंचा फोन आला. "हे आधी का नाही सांगितलंत?"

 प्रणालीने गायकरांच्या हातून फोन घेतला. "आई, ते घोरतात हे तुम्ही तरी कुठे सांगितलं होतं? आणि गाडी निदान पुढे तरी जाते!"

*

श्रावण गेला, गणपती गेले. हेंद्रेपाड्याच्या मालकाचा फोन आला की दुसरं गिऱ्हाईक मागे लागलंय, तुमचं काय ते कळवा. सुर्वेकाकूंनी नंतर तो मोबाइलमधला अंगणाचा फोटो कुणाला दाखवला नाही. आणि मग पेपरात आलं: येत्या रविवारी ब्लॉक!

काकांनी लगेच ब्रोकरला फोन केला. "रविवारीच आण. अकरा ते दोन. शनिवारी नको, सोमवारी तर नकोच नको."

मी चिडले. "काका, ही फसवणूक आहे!"

काकू खुर्चीतून म्हणाल्या, "फसवणूक कसली? विचारलं तर सांगू."

"आणि नाही विचारलं तर?"

"तर चहा देऊ."

रविवारी उल्हासनगरचे मनोहरशेठ आले, कापडाचे व्यापारी. सोबत त्यांची आई. मनोहरशेठ दुसऱ्या मजल्यावर कठडा धरून दम खात होते, तोवर अम्मा तिसऱ्या मजल्यावर पोहोचून घरात फिरायलाही लागल्या होत्या. वाळक्या, काटक, पांढऱ्या दुपट्ट्यातल्या. चहाचा ट्रे घेऊन मी स्वयंपाकघराच्या दारात उभी, कारण काकूंना उठवत नव्हतं.

काका खुलले होते. "बघा! आवाज आहे का काही? आपण बोलतोय ते आपल्यालाच ऐकू येतंय!"

अम्मांनी खिडकी उघडली. बाहेर बघितलं. रिकामे रूळ उन्हात चमकत होते, लांब कुठेतरी कावळा. अम्मांचा चेहरा उतरला.

"लाइन बंद हो गई क्या?"

"बंद म्हणजे... तुम्ही लक्षच देऊ नका लाइनकडे," काका म्हणाले. "काच डबल आहे. काही म्हणजे काही येत नाही!"

अम्मांनी खिडकी लावली. "चल, मनोहर."

मनोहरशेठ ओशाळले. "सॉरी हां काका. घर बढिया आहे. पण अम्माला असं नको. आम्ही निर्वासितांच्या बॅरकमध्ये राहायचो ना, एकदम लाइनला लागून. अम्मा लग्न होऊन तिथेच आली. आता मी शिरगावला टॉवरमध्ये फ्लॅट घेतला, तर तिला झोपच नाही! बोलती है, इधर तो मरघट है, स्मशान! म्हणून लाइनच्या बाजूचं शोधतोय. तुमचंही तसंच शांत निघालं. दुपारी विठ्ठलवाडीला एक बघायचंय, आवडलं तर आजच टोकन देऊन टाकतो."

 आणि माझ्याने राहवेना.

"अहो, आज ब्लॉक आहे!" मी ओरडलेच. "म्हणून शांत आहे! रोज इतका आवाज असतो की विचारू नका! भांडी पडतात! जावई पळून जातात!"

अम्मांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बेचने के लिए सब ऐसा ही बोलते हैं, बेटा."

"खरंच सांगते, अम्मा! देवाशपथ!"

"वो बोला आवाज नहीं आता। तू बोलती है आता है।" त्यांनी चपला पायात सरकवल्या. "किसका सच मानूँ?"

काका हतबल होऊन माझ्याकडे बघायला लागले. मी काकांकडे. मनोहरशेठ दारापर्यंत पोहोचले.

"थांबा," काकू म्हणाल्या.

खुर्चीच्या दोन्ही हातांवर जोर देऊन त्या उठल्या. भिंतीला धरून धरून स्वयंपाकघरापर्यंत आल्या, मला बाजूला सारलं आणि स्टीलच्या मांडणीला दोन्ही हात घालून ती गदागदा हलवायला लागल्या. ताटं, वाट्या, पेले, सगळं एकदम खणखणायला लागलं.

"आधी हे असं होतं," काकू धापा टाकत म्हणाल्या. "बारीक. कळशीतलं पाणी थरथरतं. मग... अहो, बघताय काय? खिडक्या!"

काकांनी खिडकीच्या चौकटी धरून धडाधडा हलवल्या. काकू माझ्यावर ओरडल्या, "आणि तू गं? खरं बोलायचंय ना तुला? बशा हलव!"

मी ट्रे हलवायला लागले. चहा माझ्या हातावर, जमिनीवर, सगळीकडे. काकांनी मान वर केली, छाती भरून श्वास घेतला आणि आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःच्याच हॉलमध्ये, "पोंऽऽऽ!" केलं. खालून गायकरांनी विचारलं, "काय हो, ब्लॉक संपला का?"

अम्मांनी चपला काढल्या. परत आत आल्या. काकूंच्या रिकाम्या खुर्चीत बसल्या, पाय वर घेतले, दुपट्टा डोक्यावर ओढला आणि डोळे मिटून घेतले.

आम्ही थांबलो. काकू मांडणीला टेकून उभ्या. घरात पुन्हा ती ब्लॉकची शांतता.

अम्मांनी एक डोळा उघडला.

"साईं," त्या काकांना म्हणाल्या, "अब मालगाड़ी का करके दिखाओ."