कोऱ्या बिल्ल्याच्या पोटात

"आणि फुटला तर?" खतिजाआपांनी विचारलं.

"फुटला तर फुटला, आपा. तो परत जोडता येत नाही," मी म्हटलं. खोटा धीर देऊन काय उपयोग?

टेबलावर टॉवेलाची घडी होती आणि तिच्यावर एक पांढराफटक बिल्ला. त्यावर अक्षर म्हणून नव्हतं. एका बाजूला साठी उलटलेल्या खतिजाआपा. दुसऱ्या बाजूला गावच्या समितीचे अध्यक्ष जाधव गुरुजी, हाताची घडी घालून. मध्ये मी, हातात छत्रीची चपटी केलेली काडी घेऊन. बिल्ल्याच्या पोटात मला वाटत होतं ते निघालं, तर आपांच्या आईचं नाव दगडावर कोरलं जाणार होतं. नाही निघालं, तर आईची उरलेली एकुलती एक खूण मी माझ्या हाताने मोडलेली असणार होती.

आणि हा सगळा घोळ मीच घातला होता.

मी बिल्ले बनवते. रत्नागिरीत आमचं दुकान अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सुरू केलं. त्यांच्या स्टुलावर बसून मला पस्तीस वर्षं झाली. गणपतीतले स्वयंसेवक, शाळांची संमेलनं, निवडणुका, कुणाचा रौप्यमहोत्सव. कार्यक्रम संपतो, मांडव उतरतो, बिल्ला मात्र कुठल्यातरी ड्रॉवरात वर्षानुवर्षं पडून राहतो. लोक त्याला किरकोळ वस्तू समजतात. पूर्वी मला याचा राग यायचा, आता फक्त हसू येतं.

खाडीपलीकडच्या एका गावात पऱ्यावर, म्हणजे ओढ्यावर, जुना साकव, लहानसा पूल, होता. पंचावन्न-एक वर्षांपूर्वी गावकऱ्यांनी श्रमदानातून बांधलेला, जांभ्या चिऱ्यांचा. यंदा तिथे मोठा पूल झाला आणि साकव पाडला. गावाला हळहळ वाटली, म्हणून ग्रामसभेने ठरवलं, की पुलाच्या तोंडाशी एक दगड बसवायचा आणि श्रमदान करणाऱ्यांची नावं त्यावर कोरायची. पण नावं कुणाची? प्रत्येक घर म्हणणार आमचा आजा होता. त्यावर गुरुजींनी तोडगा काढला. साकवाच्या उद्घाटनाला श्रमदान करणाऱ्यांना बिल्ले दिले होते. ज्याच्या घरी बिल्ला, त्याचं नाव.

तोडगा चांगला होता. पुलाच्या उद्घाटनासाठी नवे बिल्ले बनवायची ऑर्डर माझ्याकडेच होती, आणि ते जुने बिल्लेही अप्पांच्याच हातचे होते. त्यामुळे गुरुजी मला अधूनमधून फोटो पाठवायचे, "हा खरा का बघा." काळ्या शाईतला साकव, खाली 'साकव श्रमदान'. मी अंगठा पाठवायची.

मग एक दिवस हा पांढरा बिल्ला आला. मी जेवत होते. डाव्या हाताने फोटो उघडला, बघितला आणि तिथल्या तिथे उत्तर दिलं, "आमचा नाही. आम्ही कोरे बिल्ले बनवत नाही."

दोन वाक्यं. पस्तीस वर्षांचा अनुभव, आणि आमटीचा हात.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडते तर पायरीवर एक बाई बसलेल्या. पहिल्या गाडीने आल्या होत्या.

"तुमीच का त्या, बिल्लेवाल्या?"

"हो. या ना आत."

"आत येते, पण आधी सांगा. माझी आय खोटारडी, असा तुमी लिवलात?"

त्यांनी ओढणीच्या टोकाची गाठ सोडली आणि बिल्ला माझ्या तळहातावर ठेवला. हातात घेतल्याबरोबर मला कळलं, आपण माती खाल्ली. वजन आमचं, कडी आमची, पिनेला दिलेला बाक अप्पांचा. तो बाक अप्पा पकडीने स्वतः द्यायचे, पिन कपड्यातून निसटू नये म्हणून. तसा दुसरं कुणी देत नसे.

"आपा, हा बिल्ला आमचाच आहे."

"मग काल काय झाला होता?"

"काल मी जेवत होते," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्या हसल्या नाहीत. त्यांच्या आईचं नाव आयशाबी. घरचा माणूस बोटीवर, पदरात लहान मुलं, तरी दोन महिने डोक्यावरून चिरे वाहिले. "उद्घाटनाला बाप्यांना वर बोलवलानी, बिल्ले लावलानी," आपा सांगत होत्या. "बायकांचे मागनं घरी आणून दिलानी. आयनं तो खिडकीच्या पडद्याला लावलान. खिडकीतनं साकव दिसायचा. मरेपर्यंत तिथंच होता. माजा चिरा हाय त्यात, म्हणायची. आता साकव गेला. त्या दगडावर तरी ती नको?"

समितीच्या जुन्या वहीत फक्त पुरुषांची नावं होती. बायकांनाही बिल्ले दिले होते हे गावात कुणाला आठवत नव्हतं. त्यात माझं ते उत्तर. गुरुजींनी ते बैठकीत वाचून दाखवलं होतं. पाथरवट शुक्रवारी कोरायला बसणार होता, आणि आज मंगळवार होता.

आता थोडं धंद्यातलं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. बिल्ल्यात पत्र्याची टोपी असते. तिच्यावर छापलेला गोल कागद, कागदावर पारदर्शक फिल्म, आणि मागून सगळ्याला आवळून धरणारी कडी. कडीतच पिन. ही युक्ती अमेरिकेत निघाली, त्याला सव्वाशे वर्षांहून जास्त झाली. त्याआधी पदकं पितळेची, मिनाकामाची. ती मोठ्यांच्या छातीवर. कागदाच्या बिल्ल्याने तो मान स्वस्त केला. कुणीही उठावं आणि 'मी तिथे होतो' असं छातीवर लावावं. तिकडचे कारखानदार बिल्ल्याच्या मागच्या पोकळीत आपल्या नावाची चिठ्ठी घालायचे. म्हणून जुने बिल्ले जमवणारे लोक आजही पुढची बाजू बघण्याआधी मागची बघतात. मी नेमकं तेच केलं नव्हतं.

अप्पांनी कधी चिठ्ठी घातली नाही, पण त्यांची एक वेगळी सवय होती. कोकणच्या हवेत पत्रा गंजतो आणि गंजाचे डाग कागदातून वर येतात. म्हणून ते छापलेल्या कागदाखाली आणखी एक कागद अस्तरासारखा घालायचे. अस्तर कुठलं? तर त्याच ऑर्डरमध्ये छपाई बिघडलेले कागद. एकाच साच्याने कापलेले गोल, मापाला तंतोतंत, हाताशी ढीग. फुकट कशाला घालवायचे?

वरचा कागद पांढरा कसा झाला असेल, ते मला आपांच्या बोलण्यावरून सुचलं. खिडकी! काळी शाई उन्हाला दाद देत नाही. पण लाल, गुलाबी अशा रंगीत शाया, त्याही त्या वेळच्या, काही वर्षांत पार उडतात.

"आपा, आईच्या बिल्ल्याचा रंग आठवतो?"

"लहान होते मी." त्यांनी बिल्ल्यावरून बोट फिरवलं. "पण आय त्याला गुलाबाचा फूल म्हणायची. मना वाटायचा, लाडानं म्हणते."

वरचा कागद उन्हाने खाल्ला असेल, पण खालचा, अस्तराचा, इतकी वर्षं अंधारात होता.

अंदाज म्हणजे पुरावा नव्हे. अप्पांच्या ट्रंकेत वेगवेगळ्या ऑर्डरींचे जुने नमुने होते. त्यातले तीन मी उघडून बघितले. तिन्हींत त्याच ऑर्डरचं बिघडलेलं छापील अस्तर निघालं. पण तिसऱ्याची फिल्म कटकन तडकली आणि वरच्या कागदाला घेऊन तुकडे झाले. जुनी फिल्म अशीच असते, पापडासारखी. गरम करून नरम करावी तर पेट घ्यायची भीती, आणि तेल सोडावं तर कागद डागळणार.

मी गुरुजींना फोन केला. "मी चुकले. बिल्ला आमचाच आहे. गुरुवारी दुकानात या, तुमच्यासमोर उघडते."

"ताई, तुम्ही लेखी दिलंत की तुमचा नाही म्हणून."

"दिलं. आता लेखी देते की मी चुकले. मग तर झालं?"

गुरुजी वाईट माणूस नाहीत. पण आयुष्यभर वर्गात हजेरी घेतलेली. ज्याचं नाव वहीत नाही तो गैरहजर. तरी ते आले.

गुरुवारी आम्ही तिघं टेबलाशी बसलो ते असे. मी अस्तराची गोष्ट समजावून सांगितली. गुरुजींनी ऐकून घेतली आणि म्हणाले, "पण आमच्या साकवाच्या बिल्ल्यातही अस्तर असेल, हे कशावरून?"

"बरोबर. मग आधी तुमचा उघडून बघू?" त्यांच्या खिशाला त्यांच्या वडिलांचा बिल्ला होता. हल्ली समितीच्या कामाला ते तो लावूनच फिरायचे.

गुरुजींचा हात आपोआप खिशावर गेला. "हा कशाला? हा सिद्धच आहे हो."

"ऱ्हाऊं द्या त्यांचा," आपा म्हणाल्या. "बापाची खूण हाय ती. माजाच उघडा."

गुरुजींनी मान खाली घातली.

छत्रीची काडी अप्पांनी स्वतः घासून चपटी केलेली होती. तिचं टोक मी कडीखाली सरकवलं. जरा उचलायचं, बिल्ला जरा फिरवायचा, परत उचलायचं. पंख्याने कागद उडू नये म्हणून पंखा बंद केला होता. घाम डोळ्यात जात होता. अर्धी कडी सुटली आणि कट् असा आवाज आला.

आपांनी "या अल्ला" म्हटलं आणि डोळे मिटून घेतले.

फिल्म कडेला तडकली होती, नखाएवढी. मी श्वास धरून पुढे गेले. कडी सुटली. फिल्म अख्खी उचलली गेली. चिमट्याने वरचा कागद काढला. तो पांढरा. तो उलटा केला तर मागे खिळ्यांच्या, म्हणजे शिशाच्या सुट्या अक्षरांच्या, छपाईचे उठाव दिसत होते, बोटाला लागत होते. म्हणजे त्यावर कधीतरी छापलेलं होतं.

आणि टोपीत खाली गुलाबी शाईत छापलेला कागद. कालच छापला असावा तसा गुलाबी. छपाई तिरकी गेली होती आणि साकवाचा एक खांब गोलाबाहेर कापला गेला होता. म्हणूनच तो रद्दीत पडला होता. पण अक्षरं पुरती होती.

"गुरुजी, तुम्हीच वाचा," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा पुसला. टेबलावर वाकले. शाळेत वाचतात तसं मोठ्याने वाचलं, "साकव श्रमदान. महिला मंडळी."

आपांनी डोळे उघडले. कागदाला हात लावला नाही, नुसत्या बघत राहिल्या. "गुलाबाचा फूल," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मीही रडले. उगाच लपवत नाही. अप्पांची रद्दी होती ती, आणि मला त्यांचा इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

गुरुजी उठून उभे राहिले. आपांसमोर हात जोडले. "खतिजाबाई, चूक झाली. मी वही बघितली, माणसं विचारली नाहीत." मग तिथूनच पाथरवटाला फोन लावला, "उद्या बसू नकोस. यादी वाढणार आहे."

यादी खरंच वाढली. गुरुजींनी गुलाबी कागदाचा फोटो गावाच्या ग्रुपवर टाकला. संध्याकाळपर्यंत मुंबईहून एक फोटो आला, शिवणाच्या डब्यात निघालेला बिल्ला, लख्ख गुलाबी. कुणीतरी कुवेतहून फोन करून घरची पेटी उघडायला लावली. तिथे आणखी एक. एक पांढरा, एक अर्धा उडालेला. या घरांना वाटत होतं काळा बिल्ला तेवढाच खरा, म्हणून कुणी बोललंच नव्हतं. दहा दिवसांत नऊ बायकांची नावं झाली. हिंदू घरांतल्या सहा, मुसलमान घरांतल्या तीन.

पाथरवट म्हणाला, खाली जागा आहे, तिथे घालतो. आपा म्हणाल्या, "खाली नको. पावसात चिखल उडतो." मग दगड मोठा घेतला आणि पुरुष-बायकांची नावं शेजारी शेजारी ओळींत कोरली.

बिल्ला मी परत जोडून दिला. विचारलं, "आता गुलाबी वर घालू?"

"नको. आयनं बघितलेला पांढराच वर ऱ्हाऊं दे. आतला हाय, ता आमाला म्हायती हाय ना."

पुलाच्या उद्घाटनाला पाहुण्यांना नवे बिल्ले लावले. आपांना गुरुजींनी मंचावर बोलावलं आणि नवा बिल्ला पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला, पण ओढणीला होता तो कोराच, कडेला तडकलेला. फोटोग्राफर म्हणाला, "मावशी, बिल्ला उलटा लागलाय वाटतं, काही दिसत नाही." मंचावरून गुरुजी त्याच्यावर असे ओरडले, की माइकची गरज पडली नाही.

तेव्हापासून मी दोन गोष्टी पाळते. नव्या मशीनला गरज नसली तरी प्रत्येक बिल्ल्यात त्याच ऑर्डरची रद्दी घालते. आणि फोटोवरून मत विचारलं तर एकच उत्तर पाठवते, "वस्तू घेऊन या, मी जेवतेय."