आप्पांचं खोरं आणि माझं ड्रिप

“मॅडम, पाणी वाचवणारी बाग म्हणालात आणि झाडं सडली की.”

गडहिंग्लजहून संदीपचा फोन. मला पटेना. कमी पाण्यावरची झाडं वाळतील एखादवेळी. सडायला पाणी लागतं.

मी कोल्हापुरात घरांच्या बागा डिझाइन करते. संदीपचं घर मुरमाड माळावर. बोअर शेजारच्या शेवंताक्कांबरोबर सामाईक, उन्हाळ्यात जेमतेम पुरणारी. त्याला लॉन हवं होतं. मी साफ नकार दिला. जमिनीखालचं पाणी कुणा एकाच्या सातबाऱ्यावर नसतं. कण्हेर, बोगनवेल, कोरफड लावली. बुडाशी पाचटाचं मल्चिंग, म्हणजे ओल धरून ठेवणारं पांघरूण. पाणी ड्रिपनं, थेंब थेंब.

जाऊन बघते तर सगळा चिखल. कोरफड उपटली, मुळं काळी पडलेली.

“तुमच्या बागेपायी माझा नळ सकाळीच गप हुतोय, बाई,” कुंपणापलीकडून शेवंताक्का म्हणाल्या.

संदीपचे वडील, आप्पा, पायरीवर खोरं धूत होते.

“आप्पा, पाणी तुम्ही सोडता?”

“मग कोण? तुझ्या नळीतनं पडतंय तेवढ्यात चिमणी तरी न्हाईल का, पोरी?”

संदीप चिडला. “मोटरीला कुलूपच घालतो. बागेकडं फिरकायचं न्हाय आता.”

आप्पांनी खोरं भिंतीला टेकवलं आणि आत निघाले.

राधानगरीकडं त्यांचा जन्म दारं धरण्यात गेला होता. दारं धरणं म्हणजे खोऱ्यानं माती ओढत पाटाचं पाणी उसाच्या एकेका सरीत वळवणं. शेत खंडानं दुसऱ्याला कसायला दिलं, मुलाकडं आले, हात रिकामे झाले. कुलपानं माझी झाडं वाचली असती. पण माणसाला त्याच्याच दारात पाहुणा करून ठेवणारी बाग मला करायची नव्हती.

“आप्पा, थांबा. न्हाणीचं पाणी कुठं जातं?”

“गटारीत.”

“ते तुमचं. बोअरचं मात्र अक्कांचंही हाय.”

“साबणाचं पाणी?”

“केळीला, अळूला चालेल?”

“अळवाला तर कसलं बी पाणी पळतंय,” म्हणत ते परत पायरीवर बसले.

न्हाणीचा पाइप खडी भरलेल्या खड्ड्यातून परसात काढला. तिथं छोटा पाट, चार सऱ्या. पाट कुठून न्यायचा ते आप्पांनी ठरवलं, माझी रेघ खोडून. ड्रिपला टायमर बसवला. कोरफड नव्यानं लावली.

उन्हाळा गेला. शेवंताक्कांचा नळ चालू राहिला. संदीपची तक्रार आली, पण वेगळी. आप्पा न्हाणीच्या दाराशी उभे राहून ओरडतात, “एवढ्यात झाली व्हय आंघोळ? केळी कोरडी हाय अजून.”

आता नवीन साइटवर माती आणि ऊन बघायच्या आधी मी विचारते, घरात सकाळी रिकामं कोण असतं?