वेळापत्रकातील गाळलेली जागा

सर्व मित्रांस सप्रेम नमस्कार.

आज आम्ही सहकुटुंब रोहण्याहून गिरडला गेलो होतो. प्रवासाचे वेळापत्रक मी आठ दिवस आधीच स्वहस्ते लिहिले होते. त्यात चहालासुद्धा दहा मिनिटे नेमून दिली होती. माझे शिक्षण चौथीपर्यंतच झाले असले, तरी तेव्हाची चौथी पक्की होती.

वाटेत पत्नीच्या माहेरचा फाटा लागला. तिथे आता तिचे कोणीही राहत नाही. ती हळूच म्हणाली, "अहो, आमच्या दारची चिंच पाहून येऊ काय?"

"वेळापत्रकात नाही," मी उत्तरलो. ती खिडकीबाहेर पाहत राहिली.

चौथीत शिकणारी माझी नात तो कागद वाचत होती. ती म्हणाली, "आबा, तुमच्या पेपरात गाळलेली जागाच नाई. मंग आजीनं काय भराचं?"

गाडी चालवणाऱ्या मुलाने हसू दाबले. मी कागद हातात घेऊन पुन्हा पाहिला. बाकी प्रत्येकाला काय पाहायचे आहे, हे मी विचारून लिहिले होते. पत्नीला विचारायचेच राहिले होते. मी मुलास गाडी वळवण्यास सांगितले.

चिंच अजून उभी आहे. पत्नीने तिच्या खोडावर हात ठेवला. "माय इथंच उभी राहून माही वाट पाहे," एवढेच ती बोलली. खाली पडलेल्या चार चिंचा तिने पदरात बांधल्या.

गिरडला आम्ही दीड तास उशिरा पोहोचलो. त्याबद्दल मी कोणासही बोललो नाही.

यापुढे माझ्या कागदावर एक ओळ कोरी राहील. आपल्या कागदावर कोणाची जागा गाळली गेली आहे, हे आपणही कृपया तपासून पाहावे.