तणमोर की बेडूक?

मंडळी, आज माझ्या खव्याच्या भट्टीवर मन लागत नाही. गवतात अंडी घालणाऱ्या दुर्मिळ तणमोर पक्ष्याची पिलं निघेपर्यंत जे माळावरचं गवत कापत नाहीत, त्यांचं दूध मी जादा भावानं घेतो.

सकाळी आमचे दूधवाले सोपानकाका गवत कापायचं यंत्र घेऊन माळात उतरले. म्हणाले, "पाखरू कवाच गेलं. नुसते बेडूक वरडतेत."

"काका, कोरड्या माळावर बेडूक? यंत्र बंद करा बघू."

यंत्र थांबलं, तसा गवतातून तणमोर उडी मारून अगदी बेडकासारखा ओरडला.

काका हसले, "आन् म्हशीला काय सांगू? पाखरू बाळंतीण हाय म्हणून?"

मी माझ्याकडचा कडबा दिला, तेव्हा ते परतले.

आता शेजारच्या माळावर यंत्र सुरू झालंय. तो गडी मला दूध घालत नाही. त्याला कोणत्या तोंडानं थांबवू? लवकर सांगा.