आक्कानं हेड घासायला दिलं

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी लातूरला अंगणात जुन्या स्कूटरचा प्लग पुसत बसलो होतो. शेजाऱ्यांच्या फोनवर भाचा सुधाकर होता. "मामा, आई सकाळी झोपेतच..." एवढंच म्हणाला. आता महिना उलटून गेला. भेटायला येणारे म्हणतात, तुमची बहीण फार सोशिक होती हो. मी मान हलवतो, पण तो शब्द तिच्या अंगाला बसत नाही. आक्का हट्टी होती. एखादी गोष्ट पटली नाही की जागची हलायची नाही, आणि पटली की मग तिला कुणी थांबवूही शकत नसे. तिचं असं एकदा नाही म्हणणं आणि एकदा हो म्हणणं मी फार जवळून पाहिलं आहे.

निजामाच्या राजवटीतली, दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांतली गोष्ट. आमच्या दाजींची, म्हणजे आक्काच्या यजमानांची, एक सर्व्हिस मोटार होती. अहमदपूरहून नांदेडला उतारू घेऊन जायची आणि परत यायची. पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा दाजींनी मागं कोळशाची भट्टी बसवून घेतली आणि तिच्यातून निघणाऱ्या गॅसवर गाडी चालवली. मग तापाचं निमित्त होऊन दाजी गेले. सुधाकर तेव्हा पाळण्यात. गाडी विकून टाक म्हणून सगळे सांगत होते. आक्का म्हणाली, "दत्तू, तुला चालवाया येती न्हवं? मग चालव." मी विशीत होतो, दाजींच्याच हाताखाली शिकलेलो. गाडी चालू राहिली.

त्या उन्हाळ्यात नांदेडहून परतताना अहमदपूरच्या अलीकडच्या घाटात इंजिन तापलं. पाणी कधी गळून गेलं ते कळलं नाही. वाफेचा लोट उठला आणि गाडी जी थांबली ती थांबलीच. उतारू पायी गेले, गाडी बैल जुंपून घरी आणावी लागली. मी खोलून पाहिलं. इंजिनावरचं बिडाचं जाड झाकण असतं, त्याला हेड म्हणतात. ते उष्णतेनं वाकलं होतं, खालचं गॅस्केट, म्हणजे सांध्यातून गळू न देणारा पातळ पत्रा, जळालं होतं. आम्ही दोघं ते हेड गोणपाटात गुंडाळून टपालाच्या गाडीनं नांदेडला कासिम मिस्त्रींकडं घेऊन गेलो. मिस्त्रींनी त्यावर पोलादी पट्टी आडवी ठेवली आणि हेड उजेडाकडं धरलं. पट्टीखालून उजेडाची रेघ दिसली.

"घासना पडेगा, बाई," मिस्त्री म्हणाले. "मशीनवर घेऊन सपाट करतो. मगर ये एक बार घिस चुका है. तुमच्या मालकांनीच घासून नेलं होतं. अब और पतला होगा."

"पातळ झालं तर काय हुईल?"

"चलेगी गाडी. पण घाटात तापली, तर तडकू बी शकतं. कब तक चलेगी, वो मेरेकू बी मालूम नै."

नवं हेड हैदराबादेत मिळेना, लढाई संपेपर्यंत मिळायची आशाही नव्हती. मला वाटत होतं, घासून टाकावं. आक्का बराच वेळ त्या हेडावरून बोटं फिरवत उभी होती. मग तिनं ते पुन्हा गोणपाटात गुंडाळलं. "न्हाई घासायचं," म्हणाली. "गाडीत माणसं बसत्यात दत्तू, पोती न्हाईत. नवं मिळंल तवा मिळंल." परतीच्या वाटेवर मी रागानं तोंड फिरवून बसलो. घर जवळ आलं तेव्हा तीच हळूच म्हणाली, "त्यांचा हात लागलेलं हाय रे ते... तडकलं तर काय करू मी?"

गाडी दारात उभी राहिली. कोंबड्या तिच्याखाली सावलीला बसू लागल्या. अशात एका दुपारी जवळच्या खेड्यातला एक माणूस धावत आला. बायको अडली होती, सुईणीनं हात टेकले होते, नांदेडच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तो गाडीकडं बघत होता आणि मी त्याला गाडी बंद आहे हे सांगत होतो. आक्कानं सुधाकरला आमच्या आईच्या मांडीवर दिलं, शेजारच्यांची बैलगाडी मागून घेतली, तीत घरातल्या होत्या तेवढ्या गाद्या घातल्या आणि स्वतः त्या बाईचं डोकं मांडीवर घेऊन बसली. मी जातो म्हणालो तर म्हणाली, "तुझं काम न्हाई हे."

ती परत आली तेव्हा मी ओसरीवर होतो. गाद्या तिनं आधी ओढ्यावर धुऊन आणल्या होत्या. बाई वाचली होती. मूल वाटेतच जन्मलं होतं, रडलं नव्हतं. आक्कानं हातपाय धुतले, सुधाकरला पाजलं, आणि त्याला थोपटत, माझ्याकडं न बघता म्हणाली, "उद्या नांदेडला जाऊ. हेड बांधून ठिव."

मिस्त्रींनी ते मशीनवर चढवलं तेव्हा ती तिथंच स्टुलावर बसून होती. "जितकं लागंल तितकंच घ्या, उस्ताद. एक केस जास्ती नको." मिस्त्रींनी फार सावकाश काम केलं. दर वेळी पट्टी लावून बघायचे, तिलाही वाकून बघायला लावायचे. पट्टीखालची रेघ बारीक होत गेली, मग तुटक झाली, मग दिसेनाशी झाली. "बस," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी मशीन थांबवलं.

गाडी जोडून झाल्यावर वाटलं, आता उतारू घ्यायचे. पण आक्कानं वाळूची पोती भरायला लावली, उतारूंचा भार होईल इतकी. आणि पुढच्या सीटवर पदर खोचून बसली. मी म्हणालो, तू कशाला? "घासायचं मी ठरिवलं. तडकलं तर मी नको का तितं?" ऐन दुपारच्या उन्हात आम्ही तो घाट चढलो. भट्टीचा धूर मागं पसरत होता. आक्का दोन्ही हातांनी समोरची दांडी धरून बसली होती. माथ्यावर मी गाडी थांबवली. खाली उतरून पाहिलं, पाणी उकळत नव्हतं, कुठं थेंबाची गळती नव्हती. "आक्का, हेड टिकलं बघ!" मी ओरडलो. ती उतरली, वाटेकडेच्या दगडावर बसली आणि रडायला लागली. दाजी गेले तेव्हाही मी तिला असं रडताना पाहिलं नव्हतं... मी बाजूला उभा राहिलो. बऱ्याच वेळानं तोंड पुसून म्हणाली, "आता माणसं घे."

ते हेड कधीच तडकलं नाही. लढाई संपली, निजामाचं राज्य गेलं, पुढं सरकारी गाड्या सुरू झाल्या आणि आमची गाडी थांबली, तोवर ती चालली. अडलेली बाई असेल तर वेळ-अवेळ न बघता गाडी काढायची, हा आक्काचा हुकूम होता. त्या गाडीतून गेलेल्या कितीतरी बाया लेकरं घेऊन परत आल्या. बैलगाडीतली ती बाई मात्र पुन्हा भेटली नाही. ते कुटुंब पोटासाठी कुठंतरी निघून गेलं. त्या बाजूचं कुणी भेटलं की आक्का विचारायची, कुणाला ठाऊक नसायचं.

मी पुढं एसटीत ड्रायव्हर झालो, निवृत्तही झालो. म्हातारपणी आक्कानं खाट रस्त्याकडच्या खिडकीशी घेतली होती. घरासमोरच्या चढावरून एसटी जायला लागली की बोलता बोलता थांबायची, कान द्यायची, आणि गाडी माथ्यावर गेली की पुन्हा बोलायला लागायची. परवा अहमदपूरला तिच्या खोलीत बसलो होतो. संध्याकाळची नांदेडची गाडी चढाला लागली. ड्रायव्हर नवा असावा, गिअर उशिरा टाकला, इंजिन घुसमटलं, मग सावरलं. "गेली गं वर," मी रिकाम्या खाटेकडं बघून म्हणालो. सुधाकर दारात चहा घेऊन उभा होता. तो कप माझ्याजवळ ठेवून खाटेच्या कडेला बसला. गाडीचा आवाज ऐकू येईनासा होईपर्यंत आम्ही दोघंही तसेच बसून राहिलो.